ठोके वर जाणारच, खाली किती लवकर येतात ते बघा

हल्ली प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे, त्यात ठोके दिसतात, आणि ठोके दिसायला लागल्यापासून लोकांची झोप उडालीये. मीटिंगमध्ये १०४ दिसले, जिना चढताना १३० दिसले, की लगेच व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट, "हे नॉर्मल आहे का गं?" अहो, गरज पडली की ठोके वाढणं हे तर हृदयाचं कामच आहे. किती वर गेले याची काळजी करत बसण्यापेक्षा दोन गोष्टी बघा, काम संपल्यावर ते किती लवकर खाली आले आणि सकाळी उठल्या उठल्या कुठे असतात. मी टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात त्या टेस्टच्या खोलीत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान वगैरे मी सांगणार नाही. पण रोज माणसं त्या पट्ट्यावर चढताना-उतरताना त्यांचे ठोके स्क्रीनवर बघते, त्यातून आणि वाचून जे समजलंय ते घरच्या घरी कसं वापरायचं एवढंच लिहिते.

आधी आतलं थोडं समजून घ्या, मग बाकी सोपं जातं

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड म्हणून पेशींचा छोटासा पुंजका असतो. तो स्वतःच ठोके पाडतो, मेंदूने सांगायची वाट बघत नाही. सगळ्या नसांचा (रक्तवाहिन्या नव्हे, मज्जातंतू) असर काढून टाकला तर तरुण माणसात तो मिनिटाला १०० किंवा थोडा जास्तच चालतो, वय वाढेल तसा हा आकडा उतरतो. हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाचे बसल्या जागी ठोके ९०-१०० असतात ते यामुळेच, कारण नवीन हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. मग तुमचे-आमचे ७०-७२ कसे? तर मेंदूच्या बुडातून निघणारी व्हेगस नावाची नस दिवसरात्र त्या नोडला धरून ठेवते. उतारावर स्कूटी सोडलीये आणि ब्रेक हलकासा दाबून ठेवलाय, तसं. वेग वाढवायला दरवेळी ॲक्सिलरेटर पिळावाच लागतो असं नाही, ब्रेक जरा सैल केला तरी गाडी पळते.

ॲक्सिलरेटर पण आहेच. मणक्याच्या बाजूने येणाऱ्या सिंपथेटिक नसा, आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतून रक्तात सुटणारं ॲड्रिनलिन. दोघांच्या वेगात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. व्हेगसचा असर एखाद्या ठोक्यात दिसतो, लागतोही पटकन आणि सुटतोही पटकन. सिंपथेटिकला चढायला काही सेकंद लागतात आणि उतरायला त्याहून जास्त, आणि ॲड्रिनलिन एकदा रक्तात मिसळलं की ते निवळेपर्यंत वाट बघण्याशिवाय इलाज नाही. म्हणून तुम्ही खुर्चीतून उठून दारापर्यंत जाता तेव्हा जे ठोके वाढतात, साधारण १०० पर्यंतचे, ते बहुतेक ब्रेक सोडल्यामुळे, त्यापुढे जोर वाढला की मग ॲक्सिलरेटरचं काम जास्त जास्त होत जातं.

हे ब्रेकचं रसायन सापडलं त्याची गोष्ट मला फार आवडते. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची व्हेगस नस विजेने चेतवली, ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयाला दिलं, ज्याला कोणी हातही लावला नव्हता, तर ते पण मंदावलं. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. तेच ॲसिटिलकोलीन. हा प्रयोग त्याला झोपेत सुचला होता असं तो स्वतः सांगायचा, आणि १९३६ मध्ये हेन्री डेलबरोबर त्याला नोबेल मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट. व्यायाम आणि टेन्शन दोन्हीत हृदयाकडे जाणारा हुकूम जवळपास सारखाच असतो, ब्रेक सोड, ॲक्सिलरेटर दे. फरक पुढे पडतो. चालताना-पळताना पायाचे स्नायू ते रक्त खरंच वापरतात, तिथल्या रक्तवाहिन्या उघडतात, आणि थांबलात की मेंदूला लगेच कळतं की काम संपलं, व्हेगस परत येते. साहेबांचा फोन येतो तेव्हा तुम्ही खुर्चीतच बसलेले, ठोके ११०, बीपी वर, आणि त्या रक्ताला करायला काम काहीच नाही. वर फोन ठेवल्यावर पण तो डोक्यात चालूच राहतो, "मी असं बोलायला पाहिजे होतं", ते रात्री जेवताना, ते झोपताना. फोन पाच मिनिटांचा होता, पण ब्रेक संध्याकाळभर सैल राहिला.

हे काही नुसतं बोलायचं म्हणून नाही. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला, त्या दिवशी तिथे हृदय अचानक बंद पडून गेलेल्यांची नोंद २४ होती, एरवी रोजची सरासरी पाचच्या आत. २००६ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी म्युनिक भागात हृदयाच्या इमर्जन्सी केसेस अडीचपटीपेक्षा जास्त झाल्या, आणि आधीच हृदयविकार असलेल्यांत धोका सगळ्यात जास्त वाढला. धडधाकट माणसाने भारत-पाकिस्तान मॅच बघायची नाही असा याचा अर्थ नाही हां. पण ज्यांची अँजिओप्लास्टी झालीये त्या काकांना शेवटच्या ओव्हरला घरातले टीव्हीसमोरून उठवतात ते अगदीच वेडेपणाचं नाही.

सकाळची नाडी

इथून सुरुवात करा, खर्च शून्य. झोपेतून जाग आली की अंथरुणातच, मोबाईल हातात घ्यायच्या आधी. (मोबाईल आधी बघितलात तर ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज मोजाल, नाडी नाही.) लघवीला जोरात लागली असेल तर जाऊन या, परत येऊन दोन-चार मिनिटं पडून राहा. डावा तळहात वर करा, अंगठ्याच्या बाजूला मनगटाचं हाड लागतं त्याच्या किंचित आत उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा नको, अंगठ्याचीच नाडी लागते आणि गोंधळ होतो. जोरात दाबलं तर नाडी हरवते, अगदी हलकं धरलं तर सापडत नाही, मधलं काहीतरी. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एक ठोका इकडेतिकडे झाला की चारचा फरक पडतो, आणि इथे आपल्याला चार-पाचचाच फरक शोधायचाय.

आठवडाभर लिहा, सरासरी काढा. तो तुमचा पाया. बसल्या जागी ६० ते १०० नॉर्मल असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण सकाळी अंथरुणात रोज ८८-९० येत असतील तर ते "रेंजमध्ये आहे ना" म्हणून सोडून देऊ नका. रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, किंवा नुसतं अंग अजिबात न हलवल्याने असेल, डॉक्टरांना विचारून घ्या. याउलट रोज पळणाऱ्याचे ४८ असतील आणि त्याला काही त्रास नसेल तर घाबरायचं कारण सहसा नसतं. पण कधीच व्यायाम न करणाऱ्याचे ४८ आणि वर चक्कर, हे वेगळं प्रकरण, दाखवा.

मोजताना ताल पण बघा. श्वासाबरोबर थोडं जलद-संथ होत असेल तर ते चांगलं, त्याबद्दल पुढे. पण काही ताळमेळच नाही, एक लवकर, एक उशिरा, एक गायब, असं सतत लागत असेल, विशेषतः वय साठच्या पुढे, तर ईसीजी काढा. त्याला घड्याळ आणि ॲप नकोत, ईसीजीच काढा.

श्वास घेऊन बघा, ब्रेक बोटाला लागतो

हे मी येईल त्याला करायला लावते कारण याने लोकांना पटकन पटतं. नाडीवर बोटं तशीच ठेवा. नाकाने पाच सेकंद सावकाश श्वास आत, पाच सेकंद बाहेर. तीन-चार श्वास झाले की लक्ष द्या, आत घेताना ठोके जवळ जवळ पडतात आणि सोडताना लांब लांब. तरुण माणसात हे इतकं स्पष्ट लागतं की काहीजण घाबरतात. श्वास आत घेताना व्हेगस जरा गप्प बसते, सोडताना परत काम करते, तेच ते. म्हणजे तुमचा ब्रेक लागतोय-सुटतोय हे तुम्हाला स्वतःच्या बोटाखाली कळतं, आणि याला कुठलंही मशीन लागत नाही.

डायबेटिस जुना झाला की हा फरक कमी होत जातो, कारण साखर जशी पायाच्या नसा खराब करते तशीच या नसाही करते, आणि लांब असल्यामुळे व्हेगस लवकर सापडते तावडीत. लॅबमध्ये हेच मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून ईसीजीवर मोजतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ठोक्यांतला फरक १५ च्या वर असला तर ठीक, १० च्या खाली गेला तर गडबड. (वय झालं की तो तसाही कमी होतो, म्हणून आकडा वयाबरोबर वाचायचा.) अशा पेशंटला हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखत नाही असंही होतं, म्हणून पंधरा-वीस वर्षांचा डायबेटिस असलेल्यांनी "मला काही दुखत नाही" यावर फार विसंबू नये.

एका मिनिटात किती उतरले

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि सगळ्यात दुर्लक्षित पण हीच. टीएमटीचा रिपोर्ट हातात आला की सगळे "निगेटिव्ह आहे ना?" विचारतात आणि फाईलमध्ये घालतात. रिपोर्टच्या तक्त्यात रिकव्हरीची ओळ असते, पट्टा थांबल्यावर एका मिनिटाने ठोके किती होते ते तिथे छापलेलं असतं. जास्तीत जास्त आकड्यातून तो वजा करा. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी दोन हजारांवर पेशंट सहा वर्षं बघून दाखवलं की पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरले तर पुढच्या वर्षांत मृत्यूचा धोका जास्त असतो. त्यात थांबल्यावर पेशंट हळूहळू चालत होते. टेस्ट संपताक्षणी झोपवलं तर हाच आकडा १८ धरतात. कारण सरळ आहे, पहिल्या मिनिटातली उतरण ही मुख्यतः व्हेगस परत येण्याची आहे, ॲड्रिनलिन इतक्या लवकर कुठे जायला बसलंय.

एक काका आले होते, बँकेतून रिटायर्ड. छातीला चिकट इलेक्ट्रोड लावले, वायरी जोडल्या, पट्ट्यावर उभं केलं. स्क्रीनवर ११२. "ताई, चालू झालं का मशीन?" "नाही काका, अजून बटण पण दाबलं नाही." पहिल्या टप्प्याला पट्टा ताशी जेमतेम पावणेतीन किलोमीटरने चालतो, चढ असतो पण वेग देवळात प्रदक्षिणा घालतो तितकाच, आणि गंमत म्हणजे चालायला लागल्यावर त्यांचे ठोके १०४ वर आले. उभं राहून काय होईल याचा विचार करण्यात जास्त ठोके होते, चालण्यात कमी. शेवटी दमून थांबले तेव्हा १५१, आणि एका मिनिटाने १२३, म्हणजे २८ खाली. छान. घाबरट स्वभाव आणि हृदयाचा ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाबरणारे बरेचजण उगाच स्वतःचं हृदय कमजोर समजून बसतात.

घरी करायचं तर असं करा. आधी हे ध्यानात घ्या की ज्यांना छातीत दुखतं, चालताना दम लागतो, चक्कर येते किंवा हृदयाचा आजार माहीत आहे त्यांनी हे घरी करायचंच नाही. बाकीच्यांनी सोसायटीचा जिना किंवा जवळची टेकडी घ्या, तीन-चार मिनिटं अशा जोराने चढा की सलग वाक्य बोलता येणार नाही. थांबल्या थांबल्या आकडा बघा, मग हळूहळू येरझाऱ्या घालत बरोबर एक मिनिटाने परत बघा. मनगटावरची घड्याळं हिरव्या उजेडाने नाडी वाचतात, ती मागे पडतात आणि घामाने चुकतात, त्यामुळे छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर मानेवर एका बाजूला हलक्या बोटाने १५ सेकंद. मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, तिथे रक्तदाब ओळखणारी जागा असते, चक्कर येऊ शकते. तो १२ चा आकडा घरच्या जिन्याला लावू नका, तो पूर्ण दमवणाऱ्या लॅब टेस्टचा आहे. तुम्ही फक्त तोच जिना, तोच वेग, महिन्यातून एकदा, आणि स्वतःशीच तुलना.

व्यायाम किती जोराने करायचा

ब्रेक मजबूत करायला रोज जीव काढायची गरज नाही, आणि इथेच उत्साही मंडळी गडबडतात. एक साधं गणित आहे, कार्व्होनेन नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाच्या १९५७ च्या कामातून आलेलं. जास्तीत जास्त ठोक्यांतून सकाळचे ठोके वजा करा, उरलं ते तुमचं राखीव. जास्तीत जास्त काढायला २२० वजा वय सगळ्यांना पाठ असतं, पण २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे मोठ्या वयात जरा बरं बसतं. समजा वय ४२, सकाळचे ठोके ७६. जास्तीत जास्त आले १७९, राखीव १०३. मध्यम व्यायाम म्हणजे राखीवच्या ४० ते ६० टक्के, अधिक सकाळचे ठोके, म्हणजे ११७ ते १३८. झपझप चालणं बहुतेकांना इथे आणून सोडतं. गणित नको असेल तर, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, ही खूण पुरते. सूत्रातले आकडे माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात, तेव्हा गाण्याची खूण आणि सूत्र भांडायला लागले तर गाण्याचं ऐका.

आठवड्याला अशी दीडशे मिनिटं तरी करा, अडीचशे-तीनशे जमली तर आणखी चांगलं, आणि दोन दिवस वजनं किंवा बैठका-दंड असं काहीतरी. वजन उचलताना श्वास कोंडू नका, बीपी एकदम चढतं, उचलताना सोडा. पहिले दोन महिने फक्त एवढंच. कोणी कितीही सांगितलं तरी पहिल्याच आठवड्यात जोरजोरात इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, परत जोरात) नको. पाया झाला, काही आजार नाही, डॉक्टरांनी हो म्हटलं, की आठवड्यातून एकदा चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हळू असं चार वेळा. जोराच्या व्यायामानंतर व्हेगस पूर्ण ताळ्यावर यायला एक-दोन दिवस लागतात, हलक्या चालण्यानंतर ती काही मिनिटांत बरीचशी परत आलेली असते, म्हणून जोराचे दिवस पाठोपाठ ठेवायचे नाहीत.

थांबताना एकदम थांबू नका हे शाळेतले पीटीचे सर सांगायचे त्याला कारण आहे. पायातल्या रक्तवाहिन्या उघडलेल्या असतात, पोटऱ्या रक्त वर ढकलायचं काम करत असतात, तुम्ही दगडासारखे उभे राहिलात तर रक्त खालीच साठतं, आणि डोळ्यापुढे अंधारी. पाच मिनिटं हळूहळू चाला, आणि गरम पाण्याची अंघोळ तर लगेच नकोच.

दोन-तीन महिन्यांत सकाळची नाडी तीन-चार-पाच ठोक्यांनी उतरते, काहींची जास्त, काहींची जेमतेम. त्याचं सगळं श्रेय व्हेगसला देऊ नका हां. रक्ताचं प्रमाण वाढतं, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, त्यामुळे कमी ठोक्यांत भागतं. शिवाय वर्षानुवर्षं पळणाऱ्यांत सायनस नोड स्वतःच थोडा संथ होत असावा, असं २०१४ मधल्या मँचेस्टरच्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, नसांचा असर औषधाने बंद केला तरी व्यायाम केलेल्या उंदरांचे ठोके कमीच राहिले. यावर अजून वाद चालू आहे.

टेन्शनच्या दिवसांत काय करायचं

टेन्शन टाळा असं मी सांगणार नाही, लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे चेष्टा. प्रसंग संपल्यावर ब्रेक परत लावून द्यायचा, एवढं हातात आहे. फोन ठेवला, मीटिंग संपली, की उठून दोन-तीन मजले चढउतार करा किंवा दहा मिनिटं चाला. टेन्शनने रक्तात आलेली साखर स्नायू वापरतात, आणि चालणं थांबलं की उतरण पण नीट होते. जागा सोडता येत नसेल तर पाच मिनिटं सावकाश श्वास, मिनिटाला सहा. या वेगाला श्वास आणि बीपी सांभाळणारी यंत्रणा एका तालात येतात आणि ठोक्यांतला चढउतार सगळ्यात मोठा होतो. २००१ मध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या डॉक्टरांनी लोकांना लॅटिनमधली माळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' म्हणायला लावलं, तर दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. म्हणजे आजीची जपमाळ चालेल, नुसते आकडे मोजलेत तरी चालेल, फक्त घाई नको. कपालभाती हे काम करत नाही, त्यात त्या वेळेपुरते ठोके उलट वाढतात. ती वाईट नाही, पण भांडण झाल्यावर शांत व्हायला ती नको.

योगाचा विषय निघालाच आहे तर, हृदय थांबवून दाखवणाऱ्या योग्यांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. १९५० च्या दशकात वेंगर आणि बागची हे दोन संशोधक भारतात मशीनं घेऊन फिरले, १९६१ मध्ये आनंद नावाच्या तिसऱ्या संशोधकासोबत निष्कर्ष छापले. नाडी खरंच बोटाला लागेनाशी व्हायची, पण ईसीजीवर हृदय मस्त चालू. श्वास कोंडून छाती-पोट आवळलं की रक्त छातीत परत येत नाही, नाडी बारीक होते, इतकंच. एकाने मात्र ठोके खरोखर हळू करून दाखवले. मला यात कौतुकाचीच गोष्ट वाटते, कारण श्वासाच्या दोरीने ठोके ओढता येतात हे त्यांना मशीन नसताना माहीत होतं.

आणि रात्र सांभाळा. साडेदहाला भरपेट जेवण, मग आडवं, मग शरीराला पचनाचं काम, ठोके खाली येतच नाहीत दोन-तीन तास. दोन पेगने छान झोप लागते म्हणणाऱ्यांनी घड्याळातला रात्रीचा आलेख एकदा बघावा, पहाटेपर्यंत नाडी वर असते.

घड्याळातला एचआरव्ही कसा वाचायचा

एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते, मिलिसेकंदात. जास्त असणं साधारण बरं. पण नियम आहेत. दुसऱ्याशी तुलना अजिबात नको, पंचविशीतल्या भाच्याचा ९० आणि तुमचा ३० यात काही बिघडलेलं नाही, वयाबरोबर तो उतरतोच. घड्याळाघड्याळात पण जमत नाही, कारण ॲपल एसडीएनएन नावाचं माप दाखवतं आणि गार्मिनसारखी आरएमएसएसडी, ही दोन वेगळी गणितं आहेत. एका रात्रीचा आकडा सोडून द्या, सात दिवसांची सरासरी बघा. ती तीन-चार दिवस खाली, सकाळची नाडी नेहमीपेक्षा पाच-सात वर, पाय जड, झोप उडालेली, असं एकत्र आलं तर त्या दिवशी पळायचं नाही, फक्त चालायचं. डिसेंबरात जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं, आणि त्यांना सांगायला गेलं तर ऐकत नाहीत. ताप येतोय हे पण यातून आधी कळू शकतं, एका डिग्री सेल्सियसला साधारण दहा ठोके वाढतात.

घड्याळ "स्ट्रेस ७८" म्हणतं ना, ते त्याच ठोक्यांच्या अंतरावरून काढलेलं असतं. मुलीच्या लग्नात नाचताना पण ते ७८ च म्हणेल. त्याला तुमच्या मनातलं काही कळत नाही.

हे वाचून कोणी काय करू नये

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल असल्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर वरचं सूत्र तुमच्यासाठी नाही, त्या ॲक्सिलरेटरची तारच अडवतात, त्यामुळे तुमचे ठोके १३० ला जाणारच नाहीत आणि जायला लावू पण नका. गाण्याची खूण वापरा. नाडी छान ६० झाली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ती अचानक सोडली की ठोके आणि बीपी उसळतात, छातीत दुखू शकतं. पेसमेकर असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांचा तालच बिघडतो तो आजार) असेल तर एचआरव्हीचा आकडा बघूच नका, निरर्थक आहे. उभं राहिल्यावर ठोके तीसने किंवा जास्त वाढून दहा मिनिटं तसेच राहत असतील आणि गरगरत असेल तर आधी पाणी-मीठ नीट चाललंय का बघा, मग डॉक्टर. चालताना छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणं, बेशुद्ध पडणं, यातलं काही झालं तर नाडी मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि टीएमटीला यायचं असेल तर बीटा ब्लॉकर त्या दिवशी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशीच लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, जड जेवून येऊ नका, चालायचे बूट घालून या, चपलेत पट्ट्यावर चढवत नाही आम्ही.